आदिवासी पाड्यांवर रिसर्चला जाणाऱ्या मुलांना ट्रेनिंग द्यायचंय, काय द्यावं?

रानजाई:

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका कॉलेजात एमएसडब्ल्यू आणि पब्लिक हेल्थच्या मुलांना रिसर्च मेथड्स शिकवते. दरवर्षी आमची बरीच मुलं डिझर्टेशनसाठी नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे जातात, थोडी जव्हार-मोखाड्याला. जायच्या आधी दोन दिवसांचं ओरिएंटेशन असतं, ते यंदा माझ्या गळ्यात पडलंय.

जुनी फाइल उघडली तर पहिला दिवस सगळा पीपीटी, न्युरेंबर्ग, हेलसिंकी, बेलमाँट रिपोर्ट वगैरे, म्हणजे संशोधनाच्या नीतिनियमांचे जागतिक दस्तऐवज. दुसऱ्या दिवशी संमतीपत्र कसं भरायचं, अंगठा कुठे घ्यायचा, साक्षीदार कोण चालतो. आणि शेवटी 'सांस्कृतिक संवेदनशीलता' असा एक तास, ज्यात होळीचे, ढोलाचे आणि चांदीच्या दागिन्यांचे फोटो. एवढंच. मुलं टाळ्या वाजवून, सर्टिफिकेट घेऊन गाडीत बसतात.

मला हे पुरेसं वाटत नाहीये पण त्याजागी काय घालायचं ते नीट सुचत नाही. वेळ दोनच दिवस, बजेट म्हणाल तर चहा-बिस्किटांपुरतं. मुलं चांगली आहेत, कुणाला फसवायला चाललेली नाहीयेत, पण बहुतेकांनी पाडा म्हणजे काय ते पाहिलेलंसुद्धा नसतं. इथे त्या भागातले लोक आहेत, डॉक्टर आहेत, बाहेरदेशी रिसर्च करणारे आहेत, म्हणून विचारतेय. प्लीज वाचायला पुस्तकांची यादी देऊ नका, ती माझ्याकडे आहे आणि मुलं ती वाचत नाहीत.

अक्राणीकर:

ताई, मी धडगाव तालुक्यातलाच, पावरा जमातीचा. कॉलेज झाल्यावर बरीच वर्षं बाहेरून येणाऱ्या सर्व्हे टीमबरोबर फिरलोय, कधी दुभाषी म्हणून, कधी फॉर्म भरणारा म्हणून. जे दिसलं ते लिहितो, मागेपुढे होईल.

पहिलं म्हणजे तुमची मुलं येतात कधी? डिसेंबर-जानेवारीत, कारण तेव्हा युनिव्हर्सिटीचं वेळापत्रक तसं असतं. आमच्याकडे दिवाळी झाली की घरंच्या घरं गुजरातला ऊसतोडीला नाहीतर सौराष्ट्रात शेतमजुरीला जातात, ते होळीच्या सुमारास परत. म्हणजे तुम्ही येता तेव्हा घरात म्हातारी माणसं, काही पोरं आणि कोंबड्या. मग रिपोर्टात येतं की कुटुंबं लहान आहेत, तरुण बायकांचं प्रमाण कमी आहे, आणि त्यावर चर्चा पण लिहिलेली असते दोन पानं! पाडा कधी भरलेला असतो हे विचारून तारीख ठरवा एवढं जरी ट्रेनिंगमधे शिकवलंत तरी निम्मं काम होईल. आणि होळीला सगळे परत येतात म्हणून होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजारात फॉर्म घेऊन उभे राहू नका म्हणावं. तेव्हा नुसतं यावं, फिरावं, ओळख करून घ्यावी.

दुसरं, आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही. तुम्ही ग्रामसेवकाबरोबर येता, नाहीतर आशाताई, अंगणवाडीताईबरोबर. लोकांना वाटतं ह्याचा संबंध रेशनशी असेल, घरकुलाशी असेल, वनपट्ट्याशी असेल, मग नाही कोण म्हणेल? अंगठा देतात. तुम्ही म्हणता संमती मिळाली. खरं तर बाई तीनदा चुलीकडे उठून गेली, नवरा आल्यावर सांगते म्हणाली, उत्तर सगळं सासूच देत होती, हे तिचं 'नाही'च होतं की. मुलांना ते ओळखायला शिकवा आणि ओळखल्यावर फॉर्म बंद करून, पाणी पिऊन, राग न धरता उठायला शिकवा. टार्गेट शंभर फॉर्मचं असेल तर कुणी उठणार नाही, म्हणून ते टार्गेट पण तुम्हालाच बदलावं लागेल, मुलांना नाही.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, काही प्रश्न तुमच्यासाठी साधे असतात पण आमच्यासाठी नसतात. "ही जमीन कधीपासून कसता?" वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा कब्जा दाखवावा लागतो, दावे अजून पडून आहेत, काही अपिलात आहेत. तुमच्या मुलाने सहज विचारलं, म्हाताऱ्याने सहज काहीतरी साल सांगितलं, ते नाव-गाव-जीपीएससकट एक्सेलमधे गेलं. उद्या ती शीट कुणाच्या हातात जाईल? तसंच मोहाच्या दारूचं. घरी गाळता का म्हणून विचारतात आणि खाली पूर्ण नाव लिहितात, कमाल आहे.

एक करून बघा. प्रत्येक मुलाने आपलीच प्रश्नावली घेऊन आपल्याच आईला फोन लावायचा आणि सगळे प्रश्न विचारायचे, पाळी, बाळंतपण, किती मुलं गेली, घरात कोण पितं, कर्ज किती, सगळे. आई कुठे चिडते ते लिहून आणायचं. ते प्रश्न आमच्या आयांना पण तसेच लागतात, फक्त त्या फोन ठेवू शकत नाहीत.

सातबारा:

अक्राणीकर, मुद्दे छान आहेत पण थोडं जमिनीवर येऊया का. एमएच्या पोराकडे चार महिने असतात. त्याने कलेक्टरची परवानगी काढायची, आदिवासी प्रकल्प कार्यालयाची काढायची, ग्रामसभेची काढायची, मग पाडा भरायची वाट बघायची, डिझर्टेशन काय रिटायर झाल्यावर लिहायचं? आणि परवानगी देणारे कोण असतात ते पण बोला. बऱ्याच ठिकाणी एक संस्था बसलेली असते, ती म्हणते हे आमचे आदिवासी, आमच्या थ्रू या. मी स्वतः हे अनुभवलंय, संस्थेच्या विरोधात काही दिसलं की दुसऱ्या दिवसापासून कुणी बोलेना. ग्रामसभेचं म्हणाल तर बायका मागे भिंतीला टेकून बसलेल्या आणि हात वर करणारे चार पुरुष. ह्याला 'समुदायाची संमती' म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

उगाच जास्त नियम लावले की मुलं आदिवासी विषयच टाळतील, मग नुकसान कुणाचं?

डॉ_धारणी:

सातबारा यांचा संस्थावाला मुद्दा पटला, बाकी नाही. मी मेळघाटात सरकारी नोकरी केली, आता शहरात आहे. मेळघाटात १९९३ च्या कुपोषणाच्या बातम्यांपासून अभ्यासकांची रांग लागलेली आहे. एकाच घरातल्या एकाच पोराच्या दंडाचा घेर वेगवेगळ्या टीम्स येऊन मोजून जातात, आई विचारते डॉक्टर मागच्यांनी मोजलं त्याचं काय झालं, आणि माझ्याकडे उत्तर नसायचं कारण रिपोर्ट पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राला पण येत नाही. तेव्हा मुलं विषय टाळतील ही भीती मला तरी नाही वाटत, थोडी टाळली तर बरंच.

नियमांचं म्हणाल तर ते आधीपासून आहेत, नवीन कुणी लावत नाहीये. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं बघा, आदिवासींवरच्या संशोधनासाठी वेगळा भाग आहे. आदिवासी आयुक्त किंवा जिल्हाधिकारी यांच्यासारख्या प्रशासनाची मंजुरी, गावातल्या मान्य माणसाकडून गावात यायची परवानगी, संमती घेताना ती बोली जाणणारी माणसं आणि साक्षीदार हजर. आणि गावच्या माणसाने हो म्हटलं तरी प्रत्येकाची वैयक्तिक संमती वेगळी घ्यायचीच. पारंपरिक ज्ञान वापरलं तर लाभातला वाटा पण. कातकरी, कोलाम, माडिया अशा विशेष असुरक्षित जमातींमधली मुलं, गरोदर बाया, म्हातारे यांना खास कारण असल्याशिवाय घ्यायचं नाही. हे आरोग्यविषयक संशोधनाला लागू आहे, त्यात सामाजिक शास्त्रांचं आरोग्य-संशोधन पण येतं, पण नुसतं समाजशास्त्र करणाऱ्या किती कॉलेजांत एथिक्स कमिटी आहे ते रानजाईंनाच विचारा.

पीपीटीत न्युरेंबर्ग ठेवायचं तर ठेवा पण खम्मम घाला. २००९ साली तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यात एचपीव्ही लसीचा (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून बचावाची लस) एक 'डेमॉन्स्ट्रेशन प्रोजेक्ट' झाला, १० ते १४ वर्षांच्या मुली, खम्ममला त्यात आदिवासी मुली भरपूर, अनेक होस्टेलवर राहणाऱ्या. पालकांच्या जागी वॉर्डन नाहीतर हेडमास्तरांनी सह्या केलेल्या. काही मुलींचे मृत्यू झाले, चौकशीत ते लसीमुळे असण्याची शक्यता कमी असं निघालं, पण संमती कशी घेतली ते उघडं पडलं, २०१० मधे प्रकल्प थांबवला आणि २०१३ मधे संसदीय समितीने सडकून टीका केली. लस वाईट होती असं मी म्हणत नाहीये, लस उपयोगी आहे. मुद्दा हा की आश्रमशाळा ही रिसर्चवाल्यांना फार सोयीची जागा वाटते, पाचशे मुलं एका आवारात, आईबाप लांब, एका सहीत काम. तुमच्या मुलांपैकी कुणी आश्रमशाळा निवडली असेल तर आधी त्याला विचारा का निवडली.

अजून एक, सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. २०२३ पासून राष्ट्रीय मिशन आहे, ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट, त्यामुळे विद्यार्थी पण हा विषय खूप घेतात. सोल्युबिलिटी टेस्ट करतात, पॉझिटिव्ह म्हणतात आणि निघून जातात. अहो ती नुसती चाळणी आहे, वाहक आहे की रुग्ण हे त्यातून कळत नाही, त्याला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही लॅबमधली पक्की तपासणी लागते. मधल्या काळात पाड्यावर बातमी पसरलेली असते आणि त्या पोरीचं लग्न अडलेलं असतं. पक्का रिपोर्ट कोण देणार, कुठे बसून देणार, कुणासमोर देणार हे ठरल्याशिवाय सुई टोचायची नाही, हे ट्रेनिंगमधे नाही, प्रपोजलमधेच हवं.

विनिपेगकर:

मी कॅनडात युनिव्हर्सिटीत आहे, इथलं थोडं सांगते. इथे रिसर्च करणाऱ्यांना एक ऑनलाइन एथिक्स कोर्स करावा लागतो, आणि देशाच्या एथिक्स पॉलिसीत फर्स्ट नेशन्स, इन्युइट, मेटी या इथल्या मूलनिवासी लोकांवर अख्खं नववं प्रकरण आहे. काही तासांत सर्टिफिकेट येतं हातात, तेव्हा सर्टिफिकेटचं प्रेम इथेही आहे, फक्त पुण्यातच आहे असं समजू नका.

खरा फरक पडला तो दुसऱ्या बाजूने. फर्स्ट नेशन्सनी १९९८ मधे स्वतःची तत्त्वं मांडली, ओकॅप म्हणतात त्याला, म्हणजे माहितीची मालकी, तिच्यावर नियंत्रण, ती बघण्याचा हक्क आणि ती प्रत्यक्ष ताब्यात असणं हे सगळं समाजाकडे. त्याचा कोर्सही त्यांच्याच संस्थेचा आहे. आपल्याकडे रिसर्च संपला की डेटा गाइडच्या लॅपटॉपमधे जातो आणि तिथेच राहतो.

अमेरिकेतली हवासुपाईंची केस मुलांना नक्की सांगा. ग्रँड कॅन्यनच्या तळाशी राहणारी छोटी जमात, डायबेटिस फार वाढलेला, म्हणून १९९० पासून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांना त्यांनी आपणहून रक्त दिलं. पुढे त्याच रक्तावर स्किझोफ्रेनियाचा, त्यांचे पूर्वज कुठून स्थलांतर करून आले त्याचा अभ्यास झाला, यांना पत्ताच नाही. २००३ मधे त्यांच्यातलीच एक बाई त्या युनिव्हर्सिटीत एका पीएचडीच्या प्रेझेंटेशनला बसली होती म्हणून कळलं. जमातीने युनिव्हर्सिटीला गावबंदी केली, कोर्टात गेले, २०१० मधे तडजोड झाली, ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर आणि उरलेलं रक्त परत. सही कागदावर होती बरं का, मोघम शब्दांत सगळं बसेल अशी. आपल्या मुलांच्या संमतीपत्रात 'ही माहिती पुढील संशोधनासाठी वापरली जाऊ शकते' असं वाक्य असतं ना, ते आजच काढा किंवा त्याच्यापुढे लिहा की पुन्हा येऊन विचारू.

दक्षिण आफ्रिकेतल्या सान या मूलनिवासी लोकांनी तर २०१७ मधे स्वतःचीच आचारसंहिता काढली. त्याआधी २०१० मधे त्यांच्या जनुकांवर मोठा गाजावाजा झालेला पेपर आला होता, चार माणसांची संमती घेतलेली आणि सान नेतृत्वाला कुणी विचारलंच नव्हतं. त्या संहितेतली मागणी वाचून मला हसू पण आलं आणि पटलं पण: आमच्याशी सरळ भाषेत बोला, विद्वत्तापूर्ण भाषेत नको.

वैनगंगा:

इतक्या लांब कशाला जायचं, गडचिरोली आहे की. मेंढा-लेखाची ग्रामसभा सगळ्यांना 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' या घोषणेमुळे माहितीये, २००९ ला सामूहिक वनहक्क मिळाले म्हणूनही माहितीये, पण त्यांचे अभ्यासगट फार कमी लोकांना माहीत असतात. निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने, आणि निर्णयाच्या आधी विषय समजून घ्यायला अभ्यासगट, त्यात गावचे लोक बसतात, बाहेरचा जाणकार पण बसतो, त्याने माहिती द्यायची, निर्णय द्यायचा नाही. सातबारा, तुमच्या चार हात वर करणाऱ्यांवर उत्तर आहे हे, बहुमत नाही चालत तिथे. सगळ्या गावांत असं नाहीये हे मान्य. पण तुमच्या मुलांनी आपला विषय घेऊन अशा गटात नुसतं बसावं, प्रश्नावली बाहेर ठेवून, आणि गावाने उलट प्रश्न विचारावे.

आणि 'सर्च' या बंग दांपत्याच्या संस्थेचं उदाहरण आहेच. डॉ. अभय आणि राणी बंग १९८६ मधे गडचिरोलीत आले. सुरुवातीला सिकलसेलवर काम केलं, शास्त्रीय दृष्टीने भारी विषय, पण लोकांना तो आपला प्रश्न वाटला नाही, हे त्यांनीच जाहीरपणे सांगितलेलं आहे. मग लोकांना विचारत गेले, दवाखाना कसा हवा तर आमच्या गावासारखा, त्यातून शोधग्राम झालं आणि दवाखान्याला दंतेश्वरी देवीचं नाव. नवजात बाळांच्या मृत्यूवरचं काम पुढे लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आलं १९९९ ला, घरोघरी जाऊन बाळ सांभाळायची ती पद्धत नंतर देशभर आशांच्या कामात गेली. म्हणजे लोकांना विचारून विषय ठरवला की रिसर्च कच्चा होतो असं अजिबात नाही.

रानजाई, माझ्या मते तुमची अडचण दोन दिवसांच्या आत नाहीये, त्या दोन दिवसांच्या आधी आहे. ओरिएंटेशन होतं तेव्हा विषय ठरलेला, गाइडची सही झालेली, प्रश्नावली छापलेली. मग मुलं शिकतात काय, तर ठरलेली गोष्ट गोड बोलून कशी करायची.

सातबारा:

बरं वैनगंगा, सर्वसहमतीचं मान्य. पण एक विद्यार्थी, एक पाडा, चार महिने, ह्याचं उत्तर अजून कुणी दिलं नाही.

डॉ_धारणी:

उत्तर आहे की. प्रत्येकाने नवीन पाडा कशाला शोधायचा? कॉलेजने दोन-तीन गावांशी कायमचा संबंध ठेवावा, परवानगी कॉलेजने काढावी, दरवर्षीची मुलं त्याच गावात, आणि पहिलं काम मागच्या वर्षीच्या मुलाचं काय निघालं ते गावात जाऊन सांगणं. ते सांगून झालं आणि गाव म्हणालं आता हे बघा, की तो पुढचा विषय. चार महिने आरामात पुरतात. नवा डेटा गोळा केला नाही तर डिग्री मिळत नाही असा नियम माझ्या तरी माहितीत नाहीये, जुन्या डेटावर करा, तालुक्याच्या दवाखान्यातल्या नोंदींवर करा.

रानजाई:

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देत नाही, काय करणार ते सांगते.

ओरिएंटेशन जुलैत ओढतेय, विषय ठरायच्या आधी. आमच्या हेड म्हणाल्या आत्ताच का, मी म्हटलं नंतर केलं तर पीपीटीच करा. आईला फोन करायचा प्रयोग पहिल्या सकाळी (पहिला फोन मी लावणार, मुलांसमोर, बघू आई काय म्हणते). खम्मम आणि हवासुपाई ठेवणार, फोटोंचा तास बंद. शंभर फॉर्मची अट मी काढू शकते, ती आमच्याच डिपार्टमेंटची आहे. जमिनीचं साल, जीपीएस आणि दारू हे तीन प्रश्न गाइडच्या लेखी परवानगीशिवाय प्रश्नावलीत येणार नाहीत आणि नावांची यादी वेगळ्या वहीत. डॉक्टरांची कायमच्या गावांची आयडिया मला फार आवडली पण त्याला डिपार्टमेंटची मीटिंग लागेल, त्यात एक-दोन सर असे आहेत ज्यांना आपापली गावं आहेत, ती सोडणं त्यांना जड जाईल.

दुसरा दिवस मला धडगावच्या माणसांकडे द्यायचाय, त्यांनी मुलांचे विषय ऐकायचे आणि नापास करायचे असतील तर करायचे. अक्राणीकर, तुम्ही आणि अजून एखादी ताई याल का? बायका हव्यातच, नाहीतर सातबारा पुन्हा टोमणा मारतील.

सातबारा:

मारणारच. पण जुलैची आयडिया चांगली आहे.

अक्राणीकर:

येऊ की. जुलैत पेरणी-निंदणी असते, तारीख आम्हाला विचारून ठरवा, नाहीतर तुम्ही पण त्याच चुकीच्या महिन्यात बोलवाल. 😄 गावातली एक ताई आहे, आधी आशा होती, स्पष्ट बोलते, मुलं रडायची तयारी ठेवा.

पैशाचं आत्ताच बोलून घेऊ. मागे एका ठिकाणी बोलावलं होतं, दिवसभर बोललो, सगळ्यांनी फोटो काढले आणि शेवटी अकाउंटवाल्याने सांगितलं की तज्ज्ञाचं मानधन द्यायला मास्टर्स डिग्री लागते, तुम्हाला मजुरीच्या रेटने व्हाउचर बनवतो. तिथून धडगावला परत यायचं भाडं पण सुटलं नाही. तुमच्या कॉलेजचा नियम काय आहे ते आधी बघा.

रानजाई:

बघितला. आमच्याकडेही डिग्रीचीच अट आहे, फक्त 'विशेष अनुभव असल्यास विभागप्रमुखांच्या मंजुरीने' अशी एक ओळ खाली बारीक अक्षरात आहे. मंजुरीचं पत्र उद्या टाइप करतेय, तुमच्या दोघांच्या अनुभवाच्या चार-चार ओळी मला मेसेज करा. आणि जायचं-यायचं भाडं आधी पाठवते, नंतर नाही.